कोळशाने ‘कोणतंही विष’ उतरत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: विष पोटात गेलं तर चुलीतला कोळसा कुटून पाण्यातून पाजा, कोणतंही विष शोषलं जातं, ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या गोळ्या घरात असल्या की दवाखान्याची घाई नको, रोज एक घेतली की शरीर शुद्ध. यात खरं एवढंच, की ॲक्टिव्हेटेड चारकोल विषबाधेवर वापरतात.

चुलीतला कोळसा तो नव्हे. औषधी कोळसा प्रचंड तापमानाला वाफेने किंवा रसायनांनी पोखरलेला असतो. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं आणि विषाचे रेणू तिथेच चिकटतात. चुलीतल्या कोळशात ही सूक्ष्म छिद्रं नगण्य. राख मात्र भरपूर.

‘कोणतंही विष’ तर साफ खोटं. लोह, लिथियम, दारू, मिथेनॉल यांना कोळसा जवळजवळ धरतच नाही. म्हणजे आईच्या लोहाच्या गोळ्या लहान मुलाने खाल्ल्या, तर कोळसा पाजण्यात नुसता वेळ जातो. ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्याने अन्ननलिका भाजलेली असते. तिथे कोळसा उपयोगाचा नाही, उलट दुर्बिणीने तपासताना जखम झाकतो. रॉकेल प्यायल्यावर कोळशाने उलटी झाली तर ते फुफ्फुसात जाण्याची भीती. कीटकनाशकांबाबतही भाबडी आशा नको: श्रीलंकेतल्या ४,६३२ रुग्णांच्या चाचणीत (२००८) निम्म्याहून अधिक जण कीटकनाशक प्यालेले होते, कोळसा दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

आता गोळ्यांचा हिशेब. प्रौढाला एका वेळी साधारण ५० ग्रॅम लागतो, मुलाला वजनाच्या किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम. २५० मिलीग्रॅमची गोळी धरली तर प्रौढाला २०० गोळ्या! रुग्णालयात पूड पाण्यात कालवून देतात, तीही शक्यतो पहिल्या तासात. रुग्ण गुंगीत असेल तर श्वासमार्ग सुरक्षित केल्याशिवाय देत नाहीत, कारण ठसका लागून कोळसा फुफ्फुसात गेला तर जीवावर बेततं. घरी हे करू नका. उलटी करवू नका, १०८ला फोन करा, बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

रोजच्या ‘शुद्धी’ला आधार नाही. कोळसा आतड्यात राहतो, रक्तात उतरत नाही. थायरॉईडची किंवा गर्भनिरोधक गोळी मात्र त्यात अडकून वाया जाऊ शकते. बद्धकोष्ठ वेगळंच. शौच काळी होते, ती जठरातल्या रक्तस्रावासारखी दिसते. म्हणून डॉक्टरांना कोळसा घेतल्याचं आधी सांगा.