मांजराचं पाणी तोडा, दूध-भाकरी घाला: हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले दोन महिने एकच मेसेज फिरून फिरून येतोय. आधी धुळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. "मांजराच्या ट्रेचा वास घालवण्याचा स्वस्त घरगुती उपाय" असं त्याचं नाव. त्यात सांगितलंय ते असं: मांस-मासे खातं म्हणूनच मांजराच्या शी-शूला वास येतो, त्याला दूध-भाकरीवर आणा. सुकं खाणं द्या आणि पाणी बेतानं ठेवा, लघवी कमी झाली की वासही कमी. मांजराच्या पाकिटावर पैसे घालवू नका, कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं आणि आत सगळं तेच असतं. ट्रेमध्ये राख, चुना आणि दोन डांबर गोळ्या टाका. आणि बोका असेल तर नसबंदीच्या ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, खाणं बदललं की त्याचाही वास जातो.

पाचही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यातल्या निदान तीन मांजराच्या जिवावर उठणाऱ्या आहेत. पण पाठवणाऱ्याची अडचण मला कळते. दोन खोल्यांच्या घरात ट्रेचा वास जीव नकोसा करतो. माझी आई अमळनेरहून आली की दारातच नाकाला पदर लावायची, "माय व, पुरा घरमा वास येस!" आणि दर महिन्याला खाण्याचं पाकीट, वर ट्रेमध्ये टाकायच्या भुशाची पिशवी, हा खर्च कुणालाही जाणवतोच. म्हणून नुसतं "खोटं आहे" म्हणून सोडून देत नाही, एकेक मुद्दा घेते.

"मांस खातं म्हणून वास येतो, दूध-भाकरी द्या"

माहेरी म्हशी होत्या. नवी ढेप आली की वडील तीन-चार दिवस रोज सकाळी शेण बघायचे. शेणात ज्वारीचे अख्खे दाणे दिसले, पातळ पडलं किंवा आंबूस वास आला की म्हणायचे, हे अंगी लागत नाहीये, बदला. मांजराच्या ट्रेचंही तसंच आहे. जे पचतं ते अंगात जातं. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, इंडोल, स्कॅटोल अशी नाक धरायला लावणारी द्रव्यं तयार होतात. म्हणजे वास येतो तो न पचलेल्या खाण्याचा. मांस चांगलं असेल तर ते मांजराला सहज पचतं, कारण त्याचं पोट त्यासाठीच घडलेलं आहे. आतडं आखूड असतं, लाळेत पिठूळ पदार्थ फोडणारं अमायलेज नसतं. शिजवलेलं थोडं धान्य ते पचवतं, पण ताटलीभर भाकरी नाही.

दुधाचं तर विचारूच नका. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. मग वाटीभर दूध प्यायलं की पोट फुगतं आणि शी पातळ होते. पातळ शी भुशाखाली नीट झाकली जात नाही, पंजांना आणि शेपटीखाली लागते आणि घरभर फिरते. ज्या वासासाठी दूध सुरू केलं, तोच वाढतो.

आणि वासापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टॉरिन. हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. भाकरीत ते नाही आणि दुधात आहे ते मांजराला पुरणारं नाही. ते महिनोन्‌महिने कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं आणि हृदय सैल पडून फुगतं. हृदयाचं हे दुखणं टॉरिन कमी पडल्यामुळे होतं आणि टॉरिन दिलं तर सुधारतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर खाण्याच्या पाकिटांत टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. "आमच्या गावाकडची मांजरं दूध-भाकरीवरच जगली" असं म्हणणाऱ्यांनी आठवून बघावं, ती मांजरं रात्रभर धान्याच्या कोठीत उंदीर मारत होती. त्यांचं खरं जेवण ते होतं.

या मुद्द्यात एक कण खरा आहे. हलक्या प्रतीचं मांस, एकदम भरपूर कलेजी किंवा बाजारातली खारवलेली सुकट-बोंबील दिली तर पोट बिघडतं आणि वास येतो. कलेजी आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढी पुरे. रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन हाडं आखडतात. तापीचे मासे आणले तर ते उकडून, काटे काढून द्यावेत. रोहू-कटल्याच्या जातीच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा एक घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

"सुकं द्या आणि पाणी बेतानं ठेवा"

हे वाचून मी पहिल्यांदा रडले, कारण त्याचा परिणाम मी हातानं चाचपला आहे.

आखाजीला मी माहेरी गेले होते. परत आले त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, बघून जा जरा. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय. बद्धकोष्ठ झालंय वाटतं, एरंडेल देऊ का?" मी खाली गेले. बोका ट्रेमध्ये कंबर वाकवून बसला होता. उठला, दोन पावलं चालला, परत जाऊन बसला. आवाज बारीक, ओढल्यासारखा. भुसा कोरडा ठणठणीत होता. मी पोटाखाली हात लावला तर मोठ्या लिंबाएवढा टणक गोळा लागला आणि तो कळवळून ओरडला. ती मूत्राची पिशवी होती, काठोकाठ भरलेली. काकूंनी तीन आठवडे मेसेजप्रमाणे नुसते कोरडे दाणे आणि दिवसातून एकदा अर्धी वाटी पाणी ठेवलं होतं. बाहेर ४२ अंश तापमान. डॉक्टरांनी गुंगी देऊन नळी घातली आणि तांबूस, वाळूसारखी चरचरीत लघवी बाहेर आली. त्यांनी सांगितलं, उद्यावर ढकललं असतं तर मूत्रपिंडं गेली असती.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवी घट्ट झाली की त्यात क्षारांचे स्फटिक जमतात, कधी त्यांचा बूच बसतो. पूर्ण अडकलं तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. बोका वारंवार बसतोय आणि थेंब येत नाहीये, एवढं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

वासाच्या हिशेबानंही हा सल्ला उलटा आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे त्याची लघवी मुळातच घट्ट. पाणी तोडलं की ती आणखी घट्ट होते आणि थोड्या लघवीतही वास उग्र येतो. पाणी वाढवलं की लघवीचे गोळे मोठे होतात, भुसा थोडा जास्त लागतो, पण वास सौम्य होतो. माझ्याकडे दोन जागी मातीच्या परळात पाणी असतं, रोज बदललेलं, खाण्यापासून लांब. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून देते. पाकिटातल्या कोरड्या खाण्यावर हाच एक बिनपैशाचा उपाय आहे. फक्त आपल्या उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं तासाभराच्या वर ठेवू नये, आंबतं.

"कुत्र्याचं खाणं घ्या, आत सगळं तेच"

तेच नसतं. कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाण्यात ते घालावंच लागत नाही. मांजराला प्रथिनंही जास्त लागतात. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मापाप्रमाणे ओलावा वगळून मोठ्या मांजराच्या खाण्यात किमान २६ टक्के, मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात किमान १८. एखाद्या दिवशी तोंड घातलं तर काही होत नाही, रोजचं जेवण म्हणून नको.

मग स्वस्तात काय घ्यायचं? पाकीट उलटं करा. पुढचं चित्र आणि लाल-हिरवे दाणे माणसाच्या डोळ्यांसाठी असतात. मागे आधी बघा, मोठ्या मांजरासाठी संपूर्ण आहार, म्हणजे "कम्प्लीट", असं लिहिलंय का. ग्रेव्हीची लहान पाकिटं आणि चाटायच्या क्रीमच्या कांड्या बऱ्याचदा नुसता खाऊ असतात, त्यावर मांजर ठेवता येत नाही. मग घटकांची यादी. पहिल्या नावांत कोंबडी, मासे किंवा त्यांची भुकटी हवी. मका, गहू, सोयाबीन पहिल्या तिन्ही जागा अडवून बसले असतील तर ट्रे भरत राहणार. टॉरिनचं नाव दिसायलाच हवं.

"क्रूड प्रोटीन" या आकड्यावर एकट्यावर भुलू नका. तो काढताना नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. पिसांतही नायट्रोजन असतो आणि चामड्यातही. २००७ मध्ये अमेरिकेत हाच आकडा फुगवण्यासाठी गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनात, मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलेलं सापडलं. मूत्रपिंडं निकामी होऊन मांजरं-कुत्री मेली आणि पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. आकडा सांगतो प्रथिनं किती, पचणार किती ते सांगत नाही. ते तुमचा ट्रे सांगतो. नवं खाणं आठवडाभर जुन्यात मिसळत वाढवत न्या, एकदम बदललं तर कोणत्याही खाण्यानं पोट बिघडतं. पूर्ण बदलल्यावर आठ-दहा दिवस बघा. शी बांधलेली, लहान, दिवसातून एकदा-दोनदा, म्हणजे खाणं अंगी लागतंय.

किमतीचा हिशेब किलोवर करू नका, दिवसावर करा. समजा एक पाकीट ३०० रुपये किलो आणि दुसरं ४२०. स्वस्तात भरताड जास्त म्हणून मांजराला रोज ७० ग्रॅम लागतात, दुसऱ्याचे ५५ पुरतात. पहिलं रोजचं २१ रुपये, दुसरं २३ रुपये १० पैसे. महिन्याला फरक ६३ रुपयांचा, आणि शी कमी म्हणजे तेवढा भुसा वाचतो. दुकानात सगळ्यात महाग असलेलं पाकीट मात्र घ्यायची गरज नाही. "वास कमी करणारं" असं ठळक लिहिलेल्या पाकिटात बहुधा युक्का नावाच्या वाळवंटी झाडाचा अर्क असतो. त्याचा थोडा उपयोग होतो, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याइतका नाही. मी मधल्या भावाचं पाकीट घेते आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्यात थोडी उकडलेली बिनमसाल्याची कोंबडी आणि तिचं पाणी घालते. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, ते ओतून देऊ नका. हाडं नकोत. आणि नुसत्या कोंबडीवरही मांजर ठेवू नका, कॅल्शियम कमी पडतं.

"राख, चुना आणि डांबर गोळ्या"

लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तोच डोळ्यांना झोंबणारा वास. राख आणि चुना अल्कधर्मी आहेत, त्यामुळे हा अमोनिया आणखी जोरात हवेत सुटतो. कपाशीला खत घालणाऱ्या कुणालाही विचारा, युरियात चुना का मिसळत नाहीत. शिवाय चुन्यानं पंजे भाजतात आणि मांजर पंजे चाटतं. डांबर गोळ्या विषारी आहेत, कापूरही. फिनाईल पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात नाही. ब्लीच लघवीवर पडलं तर विषारी वायू सुटतो, तो तुम्हालाही बाधतो. लाकडाच्या वखारीतला जाडसर भुसा आणा, पॉलिश-गोंद न लागलेला. दिवसातून दोनदा घाण उचला, आठवड्याला ट्रे साध्या साबणानं धुऊन उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

"खाणं बदला, बोक्याचा वास जाईल"

ऑपरेशन न केलेल्या बोक्याचा तो भिंतीत मुरणारा वास खाण्यातून येत नाही. त्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं द्रव्य असतं, ते मोडलं की गंधकयुक्त उग्र वास सुटतो. मूत्रपिंडातलं कॉक्सिन हे प्रथिन त्याची निर्मिती घडवतं, हे २००६ मध्ये जपानच्या मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वयात आलेल्या बोक्यात हे सगळं नर-संप्रेरकावर चालतं. पाकीट कितीही महागाचं आणलंत तरी हे थांबत नाही. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत संप्रेरक उतरतं आणि वासही उतरतो. पाच-सहा महिन्यांचा असताना, सवय जडायच्या आत केलं, तर बहुतेक बोके भिंतीवर फवारा मारायला लागतच नाहीत.