सगळं समाविष्ट

ज्या सहलीत ‘सगळं समाविष्ट’ असतं, तिच्यात आपली कंबरही धरलेली असते. हे मात्र कुठल्याच पत्रकावर छापलेलं नसतं.

मुलगा-सून न्यू जर्सीत असतात, आमचा उन्हाळ्यातला मुक्काम त्यांच्याकडे. तिथून चार दिवस कॅरिबियनला, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला जायचं निघालं तेव्हा ‘हे’ आधी नाहीच म्हणाले. मग कळलं, की पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर तिथला वेगळा लागत नाही. ह्यांची हयात बँकेत गेली. एका व्हिसात दोन देश म्हटल्यावर विरोध जागच्या जागी मावळला.

रिसॉर्टमध्ये मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात. तो असला की खा, प्या, लोळा. बिल कुणी आणत नाही. पण लोळणं हा काही आमच्या पिढीचा प्रांत नव्हे. त्यात मे महिना. किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगांनी लागलेलं, आणि सकाळी ट्रॅक्टर लावून ते उचलायचं काम चाललेलं. ह्यांचा पहिला दिवस ते काम बघण्यात मजेत गेला. दुसऱ्या दिवशी ते ट्रॅक्टरवाल्याला हातवारे करून सूचना द्यायला लागले, तेव्हा मुलाने घाईघाईने सहल बुक केली.

सामाना हे देशाच्या ईशान्येला समुद्रात घुसलेलं लांबुळकं द्वीपकल्प. पुंता कानाहून पहाटे निघायचं, बसने उपसागरापर्यंत, बोटीने पलीकडे, तिथून घोड्यावर बसून एल लिमोनचा धबधबा, मग जेवण, मग कायो लेव्हांतादो नावाचं बेट, आणि रात्री परत. बस, बोट, घोडा, जेवण, पेयं सगळं धरून. किंमत मुलगा सांगेना. ह्यांनी त्याच्या फोनवर पावती वाचली, डॉलरचे रुपये केले आणि एवढंच म्हणाले, “हरकत नाही. वसूल करू.”

झालं. त्या क्षणापासून ती सहल राहिली नाही, वसुली झाली.

बसमध्ये पहिले चढणारे आम्ही. वाटलं, चला, खिडकी मिळाली. पहिलं चढण्याचा खरा अर्थ नंतर उमगला. अंधारात ती बस एकेका रिसॉर्टच्या दारात जाऊन उभी राहायची, गाइड यादी घेऊन आत जायचा, आणि बऱ्याच वेळाने ओल्या केसांचं, अजून भांडण न मिटलेलं एखादं जोडपं घेऊन बाहेर यायचा. पुंता कानातल्या समस्त हॉटेलांचे पोर्च मी पाहिलेत. कुणाला माहिती हवी असल्यास विचारावी.

गाइड पोरगा मोठा चलाख. स्पॅनिश, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत बोलायचा. प्रत्येक विनोद तीनदा. ज्या भाषा येत नाहीत त्यांतही हे मोठ्याने हसत होते, कारण विनोदही पैशात धरलेले. आम्हा सगळ्यांना तो ‘फॅमिलिया’ म्हणायचा. फॅमिलिया, आता उतरा. फॅमिलिया, आता चढा. फॅमिलिया, शौचालय इथे आहे, पुढचं कधी येईल सांगता येत नाही. एवढ्या अधिकाराने माझ्या सासऱ्यांनीही कधी कुटुंब चालवलं नव्हतं.

वाटेत उसाचे फड लागले. माझं माहेर सांगलीकडचं, ऊस दिसला की मान आपोआप वळते. या देशातली तोडणी अजून बरीचशी कोयत्याने होते, आणि तोडणारे बहुतेक शेजारच्या हैतीतून आलेले. आमच्याकडे बीडहून येतात. गाइडने तेवढ्या टप्प्यात एकही विनोद केला नाही, ते मला बरं वाटलं.

साबाना दे ला मार नावाच्या गावातून बोट सुटली. सामानाचा उपसागर ओलांडताना गाइडने इतिहास सांगितला. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबस इथे आला तेव्हा स्थानिक लोकांनी त्याच्यावर बाण सोडले, म्हणून त्याने या जागेचं नाव ‘बाणांचं आखात’ ठेवलं. हल्ली पर्यटकांवर बाण सोडत नाहीत, शंखांच्या माळा घेऊन येतात. पण पळायला जागा तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

ह्यांचं इतिहासात लक्ष नव्हतं. ते हातात पत्रक धरून पाण्याकडे टक लावून बसलेले. पत्रकावर पाण्याबाहेर उसळलेला भलामोठा देवमासा छापला होता.

“देवमासे कुठायत?” त्यांनी विचारलं.

गाइड उत्साहाने म्हणाला, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत हंपबॅक जातीचे देवमासे उत्तर अटलांटिकमधून वीण करायला या उपसागरात येतात, इथेच पिलांना जन्म देतात, फार सुंदर दृश्य असतं.

“आणि आत्ता?”

“आत्ता ते गेले.”

“मग चित्र कशाला छापलं?”

“सुंदर आहे ना, म्हणून,” गाइड म्हणाला. हे पुढे काही बोलले नाहीत, पण पत्रकाची घडी घालून खिशात ठेवताना त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. बँकेत थकबाकीदाराची फाइल बाजूला काढताना तो तसाच व्हायचा.

पलीकडच्या काठावर सामाना गाव. १८२४ च्या सुमारास अमेरिकेतले मुक्त कृष्णवर्णीय लोक जहाजांनी इथे येऊन वसले, त्यांचे वंशज अजून आहेत. म्हणजे अमेरिका सोडून कायमचं राहायला लोक इथे आले. मी मुलाकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघायला लागला.

मग घोडे.

घोडा या प्राण्याबद्दल मराठी माणसाच्या मनात जो आदर आहे तो बहुतांशी पुतळे बघून तयार झालेला आहे. पुतळ्यावरून खोगीर किती टणक असतं ते कळत नाही. माझा स्वतःचा अनुभव माथेरानचा, तोही फोटोपुरता. इथे एक ओलसर हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, आधीच्या बाईचा घाम त्यात अजून गरम होता, आणि एका सिमेंटच्या ओट्यावर उभं केलं. खाली एक तपकिरी घोडी आणून लावली. तिने माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने मी आजवर फक्त आमच्या कामवाल्या बाईंना, पाहुणे आल्यावर भांडी बघताना, पाहिलंय. तिचं नाव गमबूट घातलेल्या पोराने सांगितलं, ते मला उच्चारता येईना. मी मनात तिला शांताबाई म्हणायचं ठरवलं.

वाट म्हणजे चिखल, त्यात गुळगुळीत दगड, मधूनच ओढा, दोन्ही बाजूंना माडांची आणि कोकोची झाडी. चढावर पुढे वाका, उतारावर मागे रेला, असं खुणेने सांगितलं होतं. शांताबाईंना रुंद वाट सोडून अगदी कडेने चालायची आवड. उजवीकडे दरी, डावीकडे प्रशस्त मोकळी जागा, आणि ह्या उजवीकडे. मी “बाई, आत घ्या, आत घ्या” म्हणत होते. तो पोरगा लगाम धरून, चिखलातून फचाफच पाय टाकत, शीळ घालत चढत होता. तो चालत होता आणि धाप मला लागत होती.

ह्यांच्या घोड्याची तऱ्हा वेगळी. दर चार पावलांवर गवत दिसलं की मान खाली. ह्यांनी आधी “चल रे”, मग “चला”, आणि शेवटी “अहो, चला ना” पर्यंत उतरून पाहिलं. घोडा चरतच राहिला. त्याचंही खाणं बहुधा समाविष्ट असावं. मागून सूनबाई ओरडली, “बाबा, टाच मारा!” हे म्हणाले, “मारली असती, पण पाय सापडत नाहीयेत.”

घोडे एका टप्प्यापर्यंतच जातात. उतरल्यावर जमीन जागेवर आहे याची खात्री करायला थोडा वेळ लागतो. पुढे उंच, ओल्या पायऱ्या खाली उतरतात आणि वळणावर एकदम तो समोर येतो. एल लिमोनचा धबधबा सुमारे ४० मीटर उंच आहे, पण उंचीपेक्षा त्याची रुंदी बघत राहावी. पाणी धारेने पडत नाही. सगळ्या कड्यावर हिरवंगार शेवाळ वाढलंय, त्याच्या लांब लांब बटांवरून ते पसरून, निथळत येतं, आणि खालच्या हिरव्या डोहात तुषारांचा धूर होतो. गावातली पोरं कड्याच्या खडकावर चढून डोहात उड्या मारत होती. मी कुर्ता-लेगिंग्जसकट पाण्यात शिरले. गार! मानेपर्यंत गेल्यावर पाय तळाला लागेनात, आणि शांताबाईंनी खिळखिळी केलेली कंबर पहिल्यांदाच काही न बोलता गप्प बसली. मी वर पाहिलं तर सगळे तुषार सरळ डोळ्यांत.

“फॅमिलिया! चला!”

जेमतेम अर्धा तास झाला होता. काठावर हे घड्याळ आणि पावती यांचा मेळ घालत बसले होते. प्रवास किती, धबधबा किती, दर मिनिटाला काय पडला. मी म्हटलं, “अहो, पाण्यात या.” ते म्हणाले, “आकडा निघाला की येतो.” आकडा निघेपर्यंत घोडे तयार होते.

परतल्यावर त्या गमबूटवाल्या पोराने हात पुढे केला. बक्षिशी तेवढी कशात धरलेली नव्हती. मला धास्ती, आता ह्यांचा हिशेब निघणार. पण पोरगा आमच्यासाठी चढला-उतरला होता, आणि पलीकडे दुसरी बस उभी होती. तिच्यासाठी पुन्हा तीच चढण चढणार होता. ह्यांनी पाकीट काढलं आणि रुपयांत न गुणता नोट दिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच पाहिलं.

ती कसर जेवणावर काढली. भात, आपल्या राजम्याच्या जवळचं उसळवजा कालवण, नारळाच्या रसातला मासा, कोंबडी, आणि कच्ची केळी चेचून तळलेले तोस्तोनेस. हे शाकाहारी, तेव्हा त्यांनी मासा आणि कोंबडीचे पैसे तोस्तोनेसमधून वसूल केले. मी पान बघत बसले होते. केळी या बेटावर बाहेरून आली, नारळ जहाजातून आला, ऊस कोलंबसाने दुसऱ्या फेरीत आणला, घोडेही त्याच फेरीत आले. शांताबाईंचं मूळ घराणंसुद्धा परदेशीच निघालं म्हटल्यावर माझा त्यांच्यावरचा राग थोडा कमी झाला.

जेवणानंतर एका बाटलीतून चिमुकल्या पेल्यांत मामाहुआना दिली. झाडांच्या साली आणि मुळ्या बाटलीत भरतात, वर रम, लाल वाइन आणि मध ओततात, आणि मुरवत ठेवतात. ह्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण त्यांनी बाटलीतल्या साली पाहिल्या, वास घेतला आणि निवाडा दिला, “काढा आहे हा.” घेतला. मग दुसरा घेतला. गाइडने डोळा मारून सांगितलं, की याला इथे पुरुषांचं औषध म्हणतात. सूनबाई एकाएकी कोशिंबीर वाढून घ्यायला उठली. मुलगा म्हणाला, “बाबा, पुरे.” हे म्हणाले, “अरे, मध आहे त्यात.”

कायो लेव्हांतादो हे उपसागराच्या तोंडाशी असलेलं छोटंसं बेट. पांढरी वाळू, माड, आणि डोळ्यांना खोटा वाटावा असा निळा रंग. बकार्डीच्या नावानेही ते ओळखलं जातं. अननस पोखरून त्यात पेय भरून देतात. आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि सगळ्या रिकाम्या. खोगिरावरून उतरलेल्यांपैकी बसायची इच्छा कुणालाच नव्हती. अख्खी फॅमिलिया कंबरभर पाण्यात, हातात अननस धरून, अवघडून उभी. रात्री भांडून आलेलं ते जोडपंही एकमेकांना धरून उभं होतं. प्रेमाने की आधाराला, कळायला मार्ग नाही.

परतीच्या बोटीत रम आणि संगीत. मेरेंगे आणि बचाता हे इथले नाच २०१६ मध्ये आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे नाचायला नाही म्हणणं असभ्यपणाचं, असं गाइडचं म्हणणं. त्याने मला हात धरून उठवलं. माझे गुडघे घोड्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेले, एक पाय ओढत, कंबर आपोआप डावी-उजवी. मी फक्त पुन्हा बसायला जागा शोधत होते. पण टाळ्या सुरू झाल्या. गाइड तिन्ही भाषांत ओरडला, की सेन्योराला मेरेंगे उत्तम येतो. मुलाने त्याचा व्हिडिओ काढला आणि किनारा यायच्या आत डोंबिवलीच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकला.

बसमध्ये फोटो विकायला आले. दिवसभर झाडाआडून एक माणूस टिपत होता म्हणे. माझ्या फोटोत शांताबाई रुबाबदार आल्यात, माझे डोळे मिटलेत आणि तोंड उघडं. ह्यांनी घासाघीस करून तो घेतलाच.

शेवटी गाइडने सगळ्यांच्या हातात अभिप्रायाचा कागद दिला. पाच तारे रंगवा, असं तो अगदी लाडीगोडीने सांगत होता. पेंगुळलेल्या फॅमिलियाने पटापट पाच रंगवले. ह्यांनी चष्मा लावला, खिशातून पत्रक काढून उलगडलं, दिवा लावायला सांगितला आणि चार तारे रंगवले. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की चित्रात देवमासा होता.