स्वायत्तता दिली म्हणून कॅटालोनिया पेटला नाही

भाषेचा किंवा राज्यांच्या अधिकारांचा वाद निघाला की युरोपचा दाखला देणारा एक युक्तिवाद मराठी वाचकांमध्ये हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा: स्पेनने आपल्या कॅटालोनिया प्रांताला स्वतःची संसद दिली, शाळांतून स्वतःची भाषा शिकवू दिली, ब्रिटनने स्कॉटलंडला तेच दिले आणि त्या दोन्ही प्रांतांनी त्याची परतफेड फुटून निघण्याच्या मागणीने केली, फ्रान्सने मात्र एक देश, एक भाषा हे तत्त्व कठोरपणे राबवले म्हणून तो शांत व अखंड राहिला, या चळवळींमागे श्रीमंत प्रांतांचा स्वार्थ आहे, आणि युरोपीय संघ अशा प्रांतांना फूस लावून जुनी राष्ट्रे मोडतो आहे. तेव्हा जो देश प्रांतांना अधिकार देतो, तो स्वतःच्या विघटनाची तयारी करतो, असा निष्कर्ष शेवटी काढला जातो.

यातले काही तपशील खरे असल्यामुळे हा युक्तिवाद सहज पटतो. कॅटालोनिया किंवा स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा असे माझे मत नाही. देश एकत्र राहावेत असेच मला वाटते आणि त्यामुळेच एकतेच्या नावाने दिला जाणारा हा घातक सल्ला तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी कॅटालोनिया, कारण सगळा युक्तिवाद मुख्यतः त्याच उदाहरणावर उभा आहे. स्वायत्तता मिळाली आणि लगेच स्वातंत्र्याची मागणी आली, असे घडलेच नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कॅटालन भाषा शाळा, कचेऱ्या आणि सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार झाली होती. लोकशाही आल्यावर १९७८ ची राज्यघटना तयार करणाऱ्या सात जणांच्या समितीत मिकेल रोका आणि जोर्दी सोले तुरा हे दोन कॅटालन होते. त्या घटनेच्या दुसऱ्याच कलमात स्पेनच्या अविभाज्य एकतेचा आणि प्रदेशांच्या स्वायत्ततेच्या हक्काचा उल्लेख एकत्र आहे, आणि कॅटालोनियातील सुमारे ९० टक्के मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. १९७९ मध्ये स्वायत्ततेचा कायदा झाला, १९८० मध्ये कॅटालन संसदेची निवडणूक झाली. पुढची पंचवीस वर्षे कॅटालन भाषेतून शाळा चालल्या, प्रादेशिक पक्षाचे नेते जोर्दी पुजोल २००३ पर्यंत सत्तेवर होते, आणि २००६ च्या सुमारास स्वतंत्र राज्य हवे असे म्हणणारे लोक तेथील पाहण्यांत जेमतेम १५ टक्के आढळत होते. स्वायत्तताच फुटीरतेला जन्म देत असती, तर ही वाढ या पंचवीस वर्षांत दिसायला हवी होती. २०१३ मध्ये हेच प्रमाण जवळपास ४८ टक्क्यांवर गेले. त्यामुळे २००६ ते २०१३ या सात वर्षांत काय बदलले, हा खरा प्रश्न आहे.

जुना स्वायत्तता कायदा बदलून नवा करण्याचे काम २००५ मध्ये सुरू झाले. कॅटालन संसदेने मसुदा मंजूर केला, माद्रिदच्या संसदेने त्यात बरीच काटछाट करून तो संमत केला, आणि जून २००६ मध्ये कॅटालन मतदारांनी तो काटछाटीसह सार्वमताने स्वीकारला. मतदान निम्म्याहून किंचित कमी झाले, पण मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के त्याच्या बाजूने होते. दोन संसदा आणि एक सार्वमत अशा तीन पायऱ्या ओलांडलेल्या या कायद्याला स्पेनमधील उजव्या पीपल्स पार्टीने घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. आव्हान दिलेली काही कलमे दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांताच्या कायद्यातही जवळजवळ त्याच शब्दांत होती, आणि तिथे त्याच पक्षाने ती मान्य केली होती. चार वर्षांनी, २८ जून २०१० रोजी, न्यायालयाने १४ कलमे पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली आणि आणखी २७ कलमांचा अर्थ संकुचित करून दिला. न्यायालयाला तसा अधिकार होता, हे मी नाकारत नाही. पण लोकांनी मत देऊन स्वीकारलेला करार नंतर एकतर्फी कापला गेला, ही भावना त्या दिवसापासून घराघरांत पोहोचली. दोनच आठवड्यांत बार्सिलोनाच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला.

त्याच काळात आर्थिक मंदीने स्पेनमधील बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वर नेली होती. तिचा या चळवळीवरील परिणाम वगळून चालणार नाही, कारण कॅटालन नेत्यांनी स्वतःच्या काटकसरीच्या धोरणावरचा रोष माद्रिदकडे वळवला, हेही तितकेच खरे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कॅटालन सरकारचे प्रमुख आर्तुर मास यांनी मागितलेला करविषयक करार पंतप्रधान मारियानो राहॉय यांनी नाकारला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी माघार घेतली नाही. १ ऑक्टोबर २०१७ चे स्वातंत्र्याबाबतचे सार्वमत न्यायालयाने आधीच स्थगित केले होते. त्यात ४३ टक्के मतदान झाले, आणि मतदान केंद्रांवर पोलिसांनी केलेल्या लाठीमाराची दृश्ये जगभर गेली. २७ ऑक्टोबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी माद्रिदने घटनेच्या कलम १५५ खाली प्रांताची सत्ता हाती घेतली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

त्यानंतर जे घडले ते युक्तिवादात कधीच सांगितले जात नाही. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या सरकारने जून २०२१ मध्ये त्या नेत्यांना माफी दिली आणि २०२४ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा केला. या निर्णयांत संसदेतील पाठिंब्याचे गणित होते, हे उघड आहे, आणि स्पेनमध्ये अनेकांना ते आजही मान्य नाहीत. पण परिणाम पाहा: मे २०२४ च्या प्रांतिक निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांनी बहुमत गमावले आणि ऑगस्टमध्ये समाजवादी पक्षाचे साल्वादोर इया प्रांताचे अध्यक्ष झाले. चळवळीचे नेते आपसात फुटले होते आणि लोकही थकले होते. त्यामुळे सगळे श्रेय माफीला देता येणार नाही. तरीही नरमाईने फुटीरता फोफावते, हे भाकीत खोटे ठरले आहे.

स्पेनमधलाच बास्क प्रांत तर या युक्तिवादाच्या नेमका उलट उभा आहे. बास्क प्रांत आपले बहुतेक कर स्वतः गोळा करतो आणि ठरलेला वाटा माद्रिदला देतो. हा अधिकार कॅटालोनियाला कधीच मिळाला नाही. अधिक स्वायत्तता म्हणजे अधिक फुटीरता, हे खरे असते तर बास्क लोक स्वातंत्र्याच्या मागणीत पुढे असायला हवे होते. प्रत्यक्षात तेथील पाठिंबा कॅटालोनियाच्या शिखराच्या जवळपासही नसतो. एटा ही सशस्त्र संघटना १९५९ मध्ये, म्हणजे फ्रँकोच्या दडपशाहीत जन्मली. तिने ८०० हून अधिक माणसे मारली आणि सर्वांत रक्तरंजित काळ लोकशाही आल्यानंतरचा होता, ही गोष्ट मी लपवणार नाही. स्वायत्ततेने बंदुका एका रात्रीत खाली ठेवल्या गेल्या नाहीत. मात्र पोलिसी कारवाईसोबतच बास्क समाजाने तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा २०११ मध्ये तिने हिंसा थांबवली आणि २०१८ मध्ये ती विसर्जित झाली.

स्कॉटलंडबाबत हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या हाती एक बळकट मुद्दा आहे. १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्के लोकांनी प्रांतिक संसदेला मान्यता दिली, तेव्हा तिच्यामुळे राष्ट्रवादी चळवळ संपेल असे मजूर पक्षातील अनेकांना वाटत होते. ते चुकीचे ठरले. स्कॉटिश नॅशनल पार्टी २००७ मध्ये सत्तेवर आली आणि २०११ मध्ये तिला स्पष्ट बहुमत मिळाले. पण पुढचा भाग सांगितल्याशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही. लंडनने सार्वमताला संमती दिली, १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के इतके विक्रमी मतदान झाले आणि ५५.३ टक्के लोकांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा निर्णय दिला. एकतेला इतका स्पष्ट, लोकांनी स्वतःच्या हाताने दिलेला कौल कोणत्याही बंदीतून मिळाला नसता. प्रश्न पुन्हा उघडला तो २०१६ मध्ये, जेव्हा युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत देणाऱ्या ६२ टक्के स्कॉटिश मतदारांना इतरांच्या मतांमुळे बाहेर पडावे लागले.

ब्रिटनमधून खरोखर वेगळा झालेला देश म्हणजे आयर्लंड, आणि त्याला स्वायत्तता वेळेवर दिलीच गेली नाही. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये होमरूलचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १८९३ चे विधेयक उमरावांच्या सभागृहाने पाडले. तिसरे १९१४ मध्ये मंजूर झाले, पण युद्धासाठी स्थगित ठेवले गेले. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगमुळे या मागणीची मर्यादा मराठी वाचकांना ठाऊक आहे. ती साम्राज्यांतर्गत स्वराज्याची मागणी होती. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला, त्याच्या नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या, १९१८ च्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. संघराज्यामुळेच फुटलेला देश म्हणून युगोस्लाव्हियाचे नाव घेतले जाते, पण त्यातील सर्बियाच्या कोसोवो प्रांताचा क्रमही असाच आहे: १९७४ च्या घटनेने त्याला व्यापक स्वायत्तता दिली, सर्बियाचे नेते मिलोशेविच यांनी १९८९ मध्ये ती काढून घेतली, आणि युद्धानंतर २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले.

फ्रान्स शांत राहिला, हे विधान भूमध्य समुद्रातील फ्रान्सचे कॉर्सिका बेट विसरून केलेले आहे. १९७६ मध्ये तेथे सशस्त्र मुक्ती आघाडी उभी राहिली, अनेक दशके बॉम्बस्फोट होत राहिले आणि ६ फेब्रुवारी १९९८ रोजी आजाक्सियो शहरात फ्रेंच राज्याचे सर्वोच्च प्रतिनिधी क्लोद एरिन्याक यांची भर रस्त्यात हत्या झाली. २०१५ पासून त्या बेटाच्या विधानसभेत राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर आहेत. एका भाषेचे धोरण दीडशे वर्षे राबवूनही पॅरिसला शेवटी कॉर्सिकाशी स्वायत्ततेची बोलणी करावी लागली.

एकभाषिक सक्तीचा सर्वांत स्पष्ट धडा मात्र इटलीतील दक्षिण टिरोलमध्ये मिळतो, आणि या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते याचे मला वाईट वाटते. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक डोंगराळ प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. मुसोलिनीच्या राजवटीने गावांची नावे बदलली, जर्मन शाळा बंद केल्या, थडग्यांवरील जर्मन मजकुरावरही बंदी घातली. लोकांनी मुलांसाठी चोरून शाळा चालवल्या. १९३९ मध्ये त्यांना जर्मनीत जाणे किंवा इटालियन म्हणून राहणे यांतून निवड करायला लावली, तेव्हा बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय निवडला. वीस वर्षांच्या सक्तीने इतकी ‘एकता’ साधली होती. युद्धानंतर १९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियात स्वायत्ततेचा करार झाला, पण इटलीने तो प्रदेश बहुसंख्य इटालियन असलेल्या ट्रेंटिनोला जोडला आणि कराराचा गाभाच पोकळ केला. जून १९६१ मधील एका रात्री डझनावारी विजेचे मनोरे स्फोटांनी पाडले गेले, आणि पुढील वर्षांत माणसेही मारली गेली.

इटलीने अखेरीस वाटाघाटी केल्या. १९७२ च्या नव्या कायद्याने सत्ता ट्रेंटिनोच्या राजधानीकडून, ट्रेंटोकडून, दक्षिण टिरोलच्या राजधानीकडे, बोल्झानोकडे आली, शाळा मातृभाषेतून झाल्या, सरकारी नोकऱ्यांत भाषिक गटांचे प्रमाण ठरले आणि कर्मचाऱ्यांना दोन्ही भाषा येणे बंधनकारक झाले. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये हा वाद मिटल्याचे अधिकृतपणे मान्य केले. आज तेथे गोळा होणाऱ्या करांपैकी सुमारे नऊ दशांश रक्कम प्रांताकडेच राहते, तो इटलीतील सर्वांत संपन्न भागांपैकी एक आहे, आणि २०२३ च्या निवडणुकीत विलगतेची उघड मागणी करणाऱ्या मुख्य पक्षाला ११ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. हे वाटप प्रत्येक माणसाला भाषिक गटात मोजते, ही त्याची उणीव आहे. तरीही हिंसा संपली ती अधिकार दिल्यावर.

श्रीमंतांच्या स्वार्थाचा मुद्दा अर्धा खरा आहे. कॅटालोनियात स्पेनची सुमारे १६ टक्के लोकसंख्या आणि १९ टक्के उत्पन्न आहे, आणि स्पेन आपल्याला लुटतो ही घोषणा तिथे दिली गेली, जी गरीब प्रांतांतील कष्टकऱ्यांवर अन्याय करणारी होती. पण कॉर्सिका श्रीमंत नाही आणि बव्हेरिया श्रीमंत असूनही जर्मनीतून निघत नाही. उत्तर इटलीत उंबेर्तो बोस्सी यांनी १९९६ मध्ये पादानिया नावाचे राष्ट्र घोषित केले होते. त्यांच्या ‘लेगा नॉर्द’ (उत्तर लीग) या पक्षाने पुढे नावातील ‘उत्तर’ गाळले आणि तो संपूर्ण इटलीत मते मागू लागला. बेल्जियमच्या संपन्न, डचभाषक फ्लँडर्स भागातील राष्ट्रवादी नेते बार्ट डे वेव्हर तर फेब्रुवारी २०२५ पासून त्याच बेल्जियमचे पंतप्रधान आहेत.

युरोपीय संघाच्या फुशीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सदस्य देशातून फुटणारा प्रदेश संघाबाहेर जाईल, ही भूमिका युरोपीय आयोगाने (संघाच्या कार्यकारी मंडळाने) त्याचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांच्या काळात, २००४ मध्येच मांडली आणि ती नंतरही कायम ठेवली. २०१७ मध्ये एकाही सदस्य देशाने कॅटालोनियाला मान्यता दिली नाही. कोसोवोला तर स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया हे पाच सदस्य आजही मान्यता देत नाहीत.

राहिला निष्कर्ष: अधिकार देणे म्हणजे विघटनाची तयारी. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीलाही हाच आक्षेप घेतला गेला होता. युरोपात त्याचे उत्तर स्वित्झर्लंडने दिले. १८१५ मध्ये व्हिएन्ना काँग्रेसने फ्रेंचभाषक जुरा प्रदेश जर्मनभाषक बर्न प्रांताला जोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळ्या प्रांताची चळवळ उभी राहिली, १९६० च्या दशकात जाळपोळही झाली. सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत आणि मग सीमेवरील गावागावांत मतदान घेतले, सप्टेंबर १९७८ मध्ये सगळ्या देशाच्या मतदारांना विचारले, आणि ८२ टक्क्यांच्या संमतीने १ जानेवारी १९७९ रोजी जुरा हा नवा प्रांत झाला. मूतिए हे गाव बर्नमध्येच राहिले होते. २०१७ मध्ये त्याने जुरात जाण्याचा कौल दिला, मतदानातील गैरप्रकारांमुळे तो रद्द झाला, २०२१ मध्ये पुन्हा मतदान होऊन तोच कौल मिळाला, आणि १ जानेवारी २०२६ रोजी ते गाव जुरात सामील झाले.