वैरेंगटेचं जंगल अजून अंगावर येतं

जंगलात शिध्याशिवाय 'जगण्याच्या' लष्करी सरावावरचा लेख वाचला आणि मी तो सराव जिथे केला, ते मिझोराममधलं वैरेंगटे डोळ्यांपुढे उभं राहिलं. १९७० पासून लष्कराची जंगलयुद्धाची शाळा तिथे आहे. 'गनिमाशी गनिमासारखंच लढा' हे तिचं ब्रीद. मी साताऱ्याकडचा, डोंगर पायाखालचे. वाटलं होतं, जमेल. पण आपला सह्याद्री वेगळा आणि तिथलं बांबूचं रान वेगळं. पाऊस थांबतच नाही, आणि जळवा बुटाच्या लेसच्या भोकांतून आत शिरतात. तंबाखूच्या पाण्यात मोजे भिजवायचे, हे तिथेच शिकलो.

शिधा बंद झाला की खरी परीक्षा. हिरव्या बांबूच्या पेराला भोक पाडून पाणी प्यायचं, त्याच नळकांड्यात रानभाजी शिजवायची. बांबूचा कोंब मात्र कच्चा खायचा नाही, विषारी असतो. चिरून, उकळून ते पाणी फेकायचं. सगळं चिंब असताना वाळक्या उभ्या बांबूचा आतला कीस तेवढा पेट घेतो. साप खाण्याचं लेखात आलंच आहे, पण भुकेपेक्षा झोप न मिळणं जास्त जीवघेणं, हे त्यात यायला हवं होतं.

तिसऱ्या रात्री मी तापाने फणफणलो होतो. माझा जोडीदार मणिपूरचा, त्याला मराठी येत नव्हतं, माझी हिंदी मोडकी. त्याने स्वतःचा कोरडा बनियन काढून मला घातला आणि पहाटेपर्यंत विस्तव जागता ठेवला. आजही दर दिवाळीला पहिला फोन त्यालाच करतो.