जुना पीसी लावला म्हणून होस्टिंग फुकट होत नाही

"होस्टिंगवाल्यांना दरवर्षी पैसे देऊ नका, घरातला जुना पीसी सर्व्हर म्हणून लावा, फुकट, सुरक्षित, स्पीड भारी आणि डेटा आपल्याच हातात" असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतोय. (होस्टिंग म्हणजे वेबसाईट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, आणि सर्व्हर म्हणजे ती साईट लोकांना दाखवणारा, कायम चालू असलेला कॉम्प्युटर.) आमच्या नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींनी पण तो मला पाठवला आणि विचारलं, आपण पण करूया काय? मी डिचोलीत घरी दोन वर्षं सर्व्हर चालवलाय, मंडळाचीच साईट होती त्यावर, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी "फुकट" बघू. जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो असं धरा, २४ तास चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट होतात. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, लावला तर ५ वॅट, म्हणजे साडेतीन-चार युनिट, तिथे मेसेजवाल्याचं बरोबर आहे. पण लाईट गेल्यावर काय? नुसता पीसी यूपीएसवर ठेवून भागत नाही, राऊटर आणि फायबरचा डबा पण चालू लागतो, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. गोव्यात पहिल्या पावसात झाडं तारांवर पडतात हे कोणाला सांगायला नको, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा किती गावं अंधारात होती ते आठवा. माझ्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी लाईट गेली, मी सावंतवाडीला, लाईट परत आली पण पीसी काही सुरू झाला नाही, कारण वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंदच होतं, आणि घरी येऊन बटण दाबलं तर डिस्क खराब झालेली. दीड दिवस साईट बंद. मुंबईहून गावी येणारी माणसं नाटकाची तारीख विचारत होती आणि मंडळाचे लोक फोनवर उत्तरं देत होते. ह्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण साईट माझी नव्हती, मंडळाची होती.

"नुसतं पोर्ट उघडा की झालं" असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. पोर्ट म्हणजे बाहेरच्या लोकांना आत यायला राऊटरमध्ये ठेवलेलं दार. बऱ्याच जणांना ते जमणारच नाही. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला एक नंबरी पत्ता लागतो, त्यातल्या आयपीव्ही४ ह्या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून जेमतेम ४३० कोटी, म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं ठेवतात. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजा तुम्ही त्यातलेच, बाहेरून तुमच्या घरापर्यंत वाटच नाही. मग स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेल्या न बदलणाऱ्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरा किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचा टनेल लावा, म्हणजे शेवटी दुसऱ्या कंपनीच्याच दारातून आत यायचं. घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवायला परवानगी आहे का ते अटींमध्ये बघा, बऱ्याचदा नसते.

स्पीडबद्दल भांडत नाही. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये आता अपलोड पण डाउनलोडइतकाच असतो, छोट्या साईटला तो पुरून उरतो.

"सुरक्षित" ह्या शब्दाची मात्र मला भीती वाटते. घरात आहे म्हणून कोणाला दिसत नाही असं नसतं. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते एका मशीनवरून अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत तपासतं. माझ्या सर्व्हरवर वर्डप्रेस (साईट बनवायचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर) कधीच नव्हतं तरी लॉगमध्ये, म्हणजे कोण आलं-गेलं त्याच्या नोंदीत, रोज वर्डप्रेसच्या लॉगिन पानाला धडका, आणि दुरून लॉगिन करायच्या २२ नंबरच्या पोर्टवर पासवर्डचे प्रयत्न तर सतत. २०१४ला सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची मोठी चूक निघाली तसं काही उद्या निघालं तर अपडेट कोण मारणार, तेही त्याच दिवशी? आणि पीसीत कोणी घुसला तर त्याच वायफायवर तुमचा कॅमेरा, बायकोचा फोन, मुलांचा लॅपटॉप आहे.

डेटा आपल्या हातात हवा हे मला शंभर टक्के पटतं. होस्टिंगवाले पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि रिन्यूअलला दर वाढवतात हेही खरं, त्यांच्याकडे पण आग लागते, मार्च २०२१मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच ह्या होस्टिंग कंपनीचं अख्खं डेटासेंटर जळालं आणि ज्यांची दुसरीकडे कॉपी नव्हती त्यांचं सगळं गेलं. पण ह्यावर उपाय बॅकअप आहे, तो घरच्या सर्व्हरलाही तेवढाच लागतो. आणि पूर्ण कंट्रोल पाहिजे तर व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या मशीनवरचा तुमचा वेगळा भाड्याचा सर्व्हर, घ्या, तिथे रूट, म्हणजे सगळे अधिकार, तुमच्याकडेच असतो, वीज आणि नेट त्यांनी बघायचं.

सेक्रेटरींना मी हेच कळवलंय. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, आधी मंडळाच्या नावावर करा, ते अजून पुण्याला गेलेल्या एका मुलाच्या ईमेलवर आहे, उद्या तो ईमेल बंद झाला तर नावच हातातून जाईल. महिन्यातून एकदा साईटची कॉपी हार्डडिस्कवर घ्या. आणि तो जुना पीसी टाकू नका, मंडळाच्या पोरांना शिकायला उत्तम आहे, मी स्वतः असाच शिकलो, रविवारी घेऊन या, डेबियन (फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) आणि एनजिन्क्स (साईट दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून देतो, फक्त राऊटरवरचं पोर्ट बंद ठेवून.