‘आमच्या फीवर शिकणारी मुलं’

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांची, सोडत जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतो : ‘ही मुलं आमच्या फीवर फुकट शिकतात. त्यांना झेपत नाही, वर्ग मागे पडतो. शेजारी सरकारी शाळा असताना इथे कशाला?’ यंदा तो मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो कोर्टात हरलेला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नेमका हाच नियम केला होता : 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या 25 टक्के जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

आता पैसे. कायद्याप्रमाणे सरकार शाळेला परतावा देतं. शाळेची फी किंवा सरकारचा प्रति विद्यार्थी खर्च, जे कमी असेल ते. आपल्याकडे हा दर एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवला गेला. महागड्या शाळांना तो पुरत नाही आणि थकतोही, हे कबूल. पण मग थकबाकीसाठी शिक्षण खात्याच्या दारात बसा ना, सहा वर्षांच्या पोराकडे काय बघता?

‘वर्ग मागे पडतो’ याबद्दल अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या खासगी शाळांत अभ्यास केला. सधन मुलांच्या हिंदी-गणितावर परिणाम दिसला नाही, इंग्रजीचे गुण किंचित उतरले. आणि हो, तीच मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी खेळायला सहज तयार होऊ लागली. इंग्रजीच्या त्या दोन-चार गुणांसाठी हे नको असेल, तर तसं उघड म्हणा.

राहिलं ‘फुकट’. मुलाच्या वर्गात असाच सोडतीतून आलेला एक जण आहे. त्याची आई पोळ्यांची कामं करते. गॅदरिंगच्या ड्रेसचे 1,800 रुपये मागितले, तेव्हा तिने ‘ताप आलाय’ असं कळवून त्याला घरीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने अख्खा नाच आमच्या पोराला करून दाखवला. एकही स्टेप चुकला नाही म्हणे.