धौलाधारला जाताय? एक मुक्काम वाढवा

इंदूरकरांनो, मालवा एक्सप्रेस आपल्याला थेट पठाणकोटला सोडते, तिथून हिमाचलातल्या धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याची धरमशाळा जेमतेम ९० किलोमीटर. जाणं इतकं सोपं, म्हणून सुट्टी वाचवत या रांगेवरच्या इंद्रहार खिंडीचा (४३४२ मीटर) बेत आखला जातो: पहिली रात्र त्रिउंड, दुसरी लाहेश गुहा, तिसऱ्या सकाळी खिंड. माझ्या मते हा बेत तब्येतीसाठी चुकीचा आहे आणि फोटोंसाठीही.

इंदूर साधारण ५५० मीटरवर. इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढून मांड्या तयार होतात, विरळ हवेची सवय मात्र उंचीवर झोपूनच होते. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. त्रिउंड सुमारे २८५०, लाहेश सुमारे ३५००. म्हणजे मध्ये लाका गोट या मुक्कामाच्या जागी थांबायलाच हवं. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. डोकं दुखत असेल तर वर जाऊ नका. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा.

आता फोटो. धौलाधारची कांगड्याकडची भिंत नैऋत्येला तोंड करून उभी आहे. त्रिउंडवर पहाटे उठून कॅमेरा लावणाऱ्यांना डोंगराची नुसती काळी कड मिळते, कारण सूर्य मागून येतो. खडकाचा पोत उठतो तो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आणि नेमकं दुपारनंतर खोऱ्यातून ढग चढतात. एकाच संध्याकाळवर भिस्त ठेवली की बहुतेकदा पांढरा पडदाच पदरी पडतो. लाकाची जादा संध्याकाळ इथे कामी येते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, हवा सगळ्यात स्वच्छ.

लेन्सबद्दल माझा आग्रह आहे: वाइड (रुंद दृश्य टिपणारी) घरी ठेवा. वाइडमध्ये ही भिंत मागे सरकून बुटकी दिसते. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एफ४ घ्या, नाहीतर जवळ-लांब दोन्हीला चालणारी एकच १८-१३५. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ८, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आणि बर्फ फ्रेममध्ये जास्त असेल तर एक्स्पोजर +१, म्हणजे एक पायरी उजळ. नाहीतर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसून बर्फ राखाडी येतो. वाइडवर पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) लावला तर आकाश एका कोपऱ्यात काळंनिळं आणि दुसऱ्यात फिकं पडतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून तीन न्या आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवा.

लाहेशच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांची उभी चढण आहे. तिथे गळ्यातला कॅमेरा झुलतो, दगडावर आपटतो आणि तोलही घालवतो; तो सॅकमध्येच हवा. स्क्रीनकडे बघत एक पाऊलही मागे टाकू नका. उजाडण्याआधी निघून दहाच्या आत खिंडीत पोहोचा, तरच पलीकडे मणिमहेश कैलास (५६५३ मीटर) आणि पीर पंजाल मोकळे दिसण्याची आशा. ढग आले तर फोटोसाठी ताटकळू नका, ओल्या धोंड्यांवरून उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं.

परतीचं तिकीट खिंडीच्या लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नका. गाडी चुकायच्या धास्तीनेच माणसं डोकं दुखत असतानाही वर चालत राहतात.